परवलीचे शब्द आणि घरची पेटी



गेल्या काही आठवड्यांत आपल्यापैकी तीन-चार कुटुंबांनी एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत मजपुढे मांडला. "फादर, हे एवढे पासवर्ड ठेवावयाचे तरी कुठे? आणि पोरगा पुण्याला, पोरगी मडगावला, संगणक एक इथे अन् एक तिथे; प्रत्येकापाशी तेच कसे राहावेत?" प्रश्न व्यवहाराचा आहे, पण ज्या घरात कष्टाचा पैसा, जमिनीचे कागद आणि मुलांचे शिक्षण आज ह्या परवलीच्या शब्दांमागे कुलूपबंद झाले आहे, त्या घराच्या दृष्टीने तो लहान नव्हे. म्हणून ह्या आठवड्याचे सदर मी त्यासच देत आहे.

एखादे साधे शेतकरी कुटुंब घ्या. वडिलांचे बँकेचे खाते, हेस्कॉमचे वीजबिल, गॅसची नोंदणी, जमिनीचा उतारा पाहण्याचे सरकारी संकेतस्थळ, निवृत्त काकांचा भविष्यनिर्वाह निधी, थोरल्याचे विद्यापीठ, धाकटीची शिष्यवृत्ती, आयुर्विमा, आणि ह्या सर्वांच्या मुळाशी असलेले ई-मेलचे खाते. मोजू लागलो तर दोन्ही हातांची बोटे पुरत नाहीत. मग लोक काय करतात? कोणी दिनदर्शिकेच्या पाठीमागे लिहून ठेवतो, कोणी मोबाइलमध्ये 'बँकवाले काका' अशा नावाखाली दडवतो. बहुसंख्य मंडळी मात्र सर्वांत सोपा व सर्वांत वाईट मार्ग धरतात: सगळीकडे एकच शब्द. तो शब्दही कसा, तर थोरल्या मुलाचे नाव व त्याचे जन्मवर्ष, नाही तर गावच्या आश्रयदात्या संताचे नाव व पुढे एक-दोन-तीन. ज्या गावात मुलाचे नाव स्नानसंस्काराच्या दिवशी भर चर्चमध्ये उच्चारले जाते आणि संताचा सण सारा तालुका जाणतो, तिथे हे गुपित कोणापासून, हे मला आजवर उमगलेले नाही!

एकच शब्द सगळीकडे वापरण्यात धोका कोणता, तो नीट समजून घ्या. चोर बहुधा आपल्या बँकेच्या दारी प्रथम येत नाही. तो एखाद्या लहानशा दुकानाच्या संकेतस्थळाची वही चोरतो, तीत तुमचा ई-मेलचा पत्ता व परवलीचा शब्द त्यास सापडतो, आणि मग तीच जोडी तो यंत्राकरवी शेकडो ठिकाणी लावून पाहतो. त्याने ई-मेल उघडला की बाकीची दारे उघडण्यास वेळ लागत नाही. कारण 'शब्द विसरलो' असे कळवले की बहुतेक ठिकाणांहून नवा शब्द ठरवण्याची चिठ्ठी त्याच ई-मेलवर येते. म्हणून प्रत्येक कुलपाला निराळी किल्ली हवी, ती लांब व अर्थहीन हवी. अशा वीस किल्ल्या मनुष्याच्या स्मरणात राहणे शक्य नाही, आणि राहाव्यात अशी अपेक्षा बाळगणेही योग्य नाही. त्या एका पेटीत ठेवाव्यात व पेटीची एकच किल्ली तेवढी पाठ करावी, हाच ह्यावरील उपाय.

अशा पेट्या पुष्कळ निघाल्या आहेत. मी ज्या पेटीविषयी लिहीत आहे तिचे नाव कीपास. जर्मनीतील डोमिनिक रायशल ह्यांनी ती २००३ साली प्रथम प्रसिद्ध केली. ती विनामूल्य आहे, आणि तिची अंतर्गत रचना कोणीही जाणकाराने तपासावी म्हणून उघडी ठेवलेली आहे. विंडोज, मॅक व लिनक्स ह्या तिन्ही प्रकारच्या संगणकांवर चालणारे कीपासएक्ससी हे तिचेच भावंड. अँड्रॉइड फोनवर कीपासडीएक्स व कीपासटूअँड्रॉइड, आयफोनवर कीपासियम व स्ट्राँगबॉक्स. नावे निराळी असली तरी ही सारी एकाच घडणीची पेटी उघडतात, आणि ती पेटी म्हणजे संगणकावरील केवळ एक फाईल. घरगुती वापरातील शेदीडशे नोंदींची फाईल एका साध्या छायाचित्राहूनही लहान असते.

ह्या फाईलीतील मजकूर सांकेतिक लिपीत गुंफलेला असतो. ती गुंफण करण्याची एईएस नावाची जी रीत अमेरिकन सरकारने २००१ साली प्रमाण म्हणून स्वीकारली, ती योआन डेमन व व्हिन्सेंट राइमन ह्या दोन बेल्जियन संकेतलेखनतज्ज्ञांची. दोघांनीही डॉक्टरेट मिळवली ती ल्यूवेनच्या कॅथॉलिक विद्यापीठात. हे मी अभिमानाने सांगतो आहे असे कोणास वाटल्यास ते खोटे नाही. कीपासमध्ये ह्या रीतीने वापरल्या जाणाऱ्या किल्लीच्या शक्य प्रकारांची संख्या लिहू गेल्यास अठ्ठ्याहत्तर अंक लागतात. एकेक करून त्या लावून पाहणे कोणत्याही यंत्राच्या आवाक्यातले नाही. चोराला आशा असते ती निराळीच: तुमचा पाठ केलेला शब्द कच्चा असेल ही. त्यासाठीही पेटीत एक योजना आहे. शब्दापासून किल्ली घडवताना संगणकाला मुद्दाम पुष्कळ श्रम व स्मरणशक्ती खर्च करावयास लावतात. अरगॉन-टू ही त्यासाठीची रीत २०१५ साली ह्याच विषयाच्या खुल्या स्पर्धेत पहिली आली. तुम्हांस पेटी उघडताना क्षणभर थांबावे लागते, पण कोट्यवधी शब्द लावून पाहणाऱ्या चोराचे मात्र कंबरडे मोडते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पेटी एका संगणकावर असली तर पुण्याच्या मुलाने काय करावे? पूर्वी लोक ती पेन ड्राइव्हवर घालून खिशात घेऊन हिंडत. त्यात पेन ड्राइव्ह हरवतो, अथवा कोणती प्रत नवी व कोणती जुनी ह्याचा घोळ होतो. म्हणून फाईल क्लाऊडमध्ये ठेवावी. क्लाऊड म्हणजे आभाळातील काही गूढ वस्तू नव्हे. एखाद्या कंपनीच्या मोठ्या संगणकांवर आपल्या नावाने राखलेली जागा, एवढाच त्याचा अर्थ. ड्रॉपबॉक्स, गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह ह्या त्यांपैकी प्रसिद्ध. ड्रॉपबॉक्समध्ये २ जीबी, वनड्राइव्हमध्ये ५ जीबी, गूगलमध्ये ई-मेल व छायाचित्रे धरून १५ जीबी जागा फुकट मिळते. आपल्या पेटीला त्यातला कणभर अंशही लागत नाही.

ह्यांचा छोटासा कार्यक्रम संगणकावर बसवला की तिथे एक विशेष कप्पा तयार होतो. त्या कप्प्यात फाईल बदलली की बदललेली प्रत क्लाऊडमध्ये चढते, आणि त्याच खात्याशी जोडलेल्या दुसऱ्या संगणकावर उतरते. ह्यालाच संगणकवाले सिंक म्हणतात. तेव्हा करावयाचे ते इतकेच: कीपासएक्ससी उघडून नवी पेटी करावी, ती जतन करताना ह्या कप्प्यात जतन करावी, आणि दुसऱ्या संगणकावर तोच कप्पा जोडून तिथली फाईल उघडावी. फोनवर कीपासटूअँड्रॉइड घेतल्यास तो गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह वा ड्रॉपबॉक्समधील पेटी थेट उघडू शकतो. कार्यक्रम मात्र त्याच्या अधिकृत ठिकाणाहूनच उतरवून घ्यावा. कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला घेऊ नये.

"पण फादर, आपली तिजोरी परक्याच्या घरी ठेवण्यासारखेच हे झाले की!" अशी शंका एका शिक्षकभगिनीने घेतली, आणि ती रास्त आहे. उत्तर असे की पेटी आपल्या घरातून बाहेर पडण्यापूर्वीच कुलूपबंद झालेली असते. कंपनीपाशी पोहोचते ती बंद पेटी. किल्ली तिच्यापाशी कधीच जात नाही. कंपनीच्या कोठारात चोर शिरला, तर त्याच्या हाती बंद पेटी लागेल. हे केवळ कल्पनेतील भय नव्हे. लास्टपास नावाच्या, परवलीचे शब्द सांभाळणाऱ्या मोठ्या कंपनीच्या साठ्यातून ग्राहकांच्या पेट्यांच्या प्रती चोरीस गेल्याचे तिनेच २०२२ च्या डिसेंबरात जाहीर केले. त्या पेट्यांतील शब्द गुंफलेले होते, पण संकेतस्थळांचे पत्ते उघडेच होते; आणि पेटी एकदा चोराच्या घरी गेली की तो सवडीने, वर्षानुवर्षे तिच्यावर घाव घालू शकतो. कीपासच्या फाईलीत पत्तेसुद्धा गुंफलेले असतात, हा तिचा एक गुण. तथापि सवडीने घाव घालण्याची गोष्ट इथेही लागू आहे; म्हणूनच मुख्य शब्द भक्कम हवा. क्लाऊडच्या खात्यालाही दुहेरी पडताळणी लावावी, म्हणजे निव्वळ परवलीच्या शब्दाने ते उघडणार नाही.

ह्या ठिकाणी एक पेच आहे. क्लाऊडच्या खात्याचा परवलीचा शब्द केवळ पेटीतच ठेवला, आणि एके दिवशी संगणक जळाला व फोन विहिरीत पडला, तर पेटी मिळवण्यास क्लाऊड हवे, व क्लाऊड उघडण्यास पेटी हवी! किल्ली घरात ठेवून घरालाच कुलूप लावल्यासारखे हे होईल. म्हणून क्लाऊडच्या खात्याचा शब्द, तसेच दुहेरी पडताळणीचे जे राखीव आकडे मिळतात ते, कागदावर लिहून घरातील लोखंडी कपाटात ठेवावेत. कागदावर लिहिणे पाप आहे असा एक समज पसरला आहे. तो निराधार आहे. परदेशातला चोर तुमच्या कपाटापर्यंत पोहोचत नाही.

आता ज्या ठिकाणी लोक खरोखर गोंधळतात त्या गोष्टीकडे येतो. एकाच पेटीच्या दोन प्रती दोन ठिकाणी असल्या की त्यांच्यात भेद पडण्याची शक्यता उत्पन्न होते. ही अडचण संगणकाने जन्माला घातलेली नाही. ख्रिस्तसभेला ती फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १९८३ च्या कॅनन कायद्याचे १२८३ वे कलम असे की चर्चच्या मालमत्तेची यादी दोन प्रतींत ठेवावी, एक कारभार चालतो त्या कचेरीत व दुसरी धर्मप्रांताच्या कचेरीत. आणि मालमत्तेत काही फरक पडला तर तो दोन्ही प्रतींत नोंदवावा. ह्या शेवटल्या अटीतच सारे मर्म आहे. एका प्रतीत घंटा दुरुस्त झाली व दुसरीत ती फुटलेलीच राहिली, तर पंचवीस वर्षांनी येणाऱ्या धर्मगुरूने कोणत्या कागदावर विश्वास ठेवावा?

समजा, सकाळी वीज व इंटरनेट दोन्ही गेलेले असताना आईने घरच्या संगणकावर गॅसचा नवा शब्द पेटीत नोंदवला. त्याच सुमारास मुलाने पुण्यात विद्यापीठाचा शब्द बदलला. संध्याकाळी इंटरनेट आले. क्लाऊडच्या दृष्टीने ही एकाच फाईलीची दोन निरनिराळी रूपे. आत काय आहे ते त्यास वाचता येत नाही, त्यामुळे दोन्हींचा संगम करणेही त्यास शक्य नाही. ड्रॉपबॉक्स अशा वेळी एक फाईल मूळ नावाने ठेवतो व दुसरी 'विसंगत प्रत' अशा अर्थाच्या इंग्रजी शेऱ्यासह शेजारी ठेवतो. पुष्कळ जण ती दुसरी फाईल कचरा समजून पुसून टाकतात, आणि त्यांच्यासोबत आईचा गॅसही जातो. असे करू नये. कीपासमध्ये 'सिंक्रोनाइझ' व कीपासएक्ससीमध्ये 'मर्ज' अशी सोय आहे. तिने दोन्ही पेट्या उघडून एकेक नोंद ताडून पाहिली जाते. जी नोंद एकीतच आहे ती घेतली जाते, जी दोहोंत आहे तिचे अलीकडे बदललेले रूप ठेवले जाते, आणि जुने रूप त्या नोंदीच्या इतिहासात राहते. संगम नीट झाला ह्याची खात्री करून मगच शेजारची प्रत पुसावी.

ह्याहून बरे म्हणजे असा प्रसंगच येऊ न देणे. काम झाले की जतन करून पेटी बंद करण्याची सवय घरातील सर्वांनी लावून घ्यावी. संगणक मिटण्यापूर्वी क्लाऊडची खूण हिरवी झाली की नाही, हे पाहावे. 'फाईल बाहेरून बदलली आहे, वर लिहू की मेळ घालू?' असा प्रश्न कीपासने विचारल्यास नेहमी मेळ घालण्याचाच पर्याय निवडावा. घाईने वर लिहिण्याचा निवडल्यास दुसऱ्याने केलेली नोंद पुसली जाते. आमच्या चर्च कार्यालयात व निवासात असे दोन संगणक आहेत, आणि शिस्त एवढीच की एका वेळी एकानेच पेटी उघडावी. ती पाळली की मेळ घालण्याची वेळ क्वचितच येते.

मुख्य शब्दाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण तो हरवला तर पेटी कायमची गेली. कंपनीला फोन करून नवा मागता येत नाही. मुळात कंपनीच नाही. शब्द लांब हवा, व स्वतःच्या मनाने निवडलेला नको. मनुष्याचे मन पुनःपुन्हा त्याच वाटेने जाते. अर्नोल्ड राइनहोल्ड ह्यांनी १९९५ साली फाशांची एक सुंदर रीत सुचवली. एक फासा पाच वेळा टाकावा, आलेल्या पाच आकड्यांवरून ७७७६ शब्दांच्या यादीतला एक शब्द घ्यावा; असे सहा शब्द झाले की ओळीने लिहावेत. कीपासएक्ससी हेच काम आपण होऊन करून देतो. सहा असंबद्ध शब्दांचे एक वेडगळ चित्र मनात रचले की आठवड्याभरात ते पाठ होतात. दर तीन महिन्यांनी तो बदलण्याची गरज नाही. अमेरिकेच्या प्रमाणसंस्थेने २०१७ साली असल्या सक्तीच्या बदलाविरुद्ध सल्ला दिला आहे. तो फुटल्याचा संशय आला तरच बदलावा. बँकेच्या कार्डाचा व यूपीआयचा पिन मात्र ह्या पेटीतही घालू नये, तो डोक्यातच असावा असे माझे मत आहे.

आणि आता ज्यासाठी मी लेखणी हाती घेतली तो भाग. गेल्या पावसाळ्यात एका घरी कर्ता पुरुष अकस्मात निवर्तला. सर्व व्यवहार त्याच्या फोनवर, फोनची किल्ली त्याच्या मनात. विमा किती, कोणत्या बँकेत काय, कोणाचे देणे, ह्यांतले पत्नीला काहीच ठाऊक नव्हते. दुःखाच्या दिवसांत ती बाई कागदांची बोचकी उपसत बसली होती. पतीने तिच्यापासून काही लपवले होते असे नव्हे. सांगण्याची वेळ कधी आली नाही, इतकेच. विवाहसंस्काराने जे दोघे एक झाले, त्यांच्या घरात ही पेटी एकाचीच राहावी, ही गोष्ट मला पटत नाही. पत्नीला मुख्य शब्द माहीत असावा, आणि तिने तो महिन्यातून एकदा तरी स्वतःच्या हाताने टंकून पेटी उघडावी. ज्यांचा जोडीदार नाही त्यांनी तो लिहून, लिफाफा मोहोरबंद करून, विश्वासाच्या नातलगापाशी अथवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावा. प्रत्येक नोंदीत टिपणासाठी जागा असते. तिथे विम्याचा क्रमांक, बँकेची शाखा, नामनिर्देशन कोणाचे, हे लिहून ठेवावे. एक गोष्ट मात्र ध्यानी असू द्या: मृताच्या परवलीच्या शब्दाने त्याच्या खात्यातून पैसे काढणे कायद्याला धरून नाही. पैसा मिळवावयाचा तो नामनिर्देशन वा वारसाहक्काच्या रीतीनेच. कोठे काय आहे, हे पेटी सांगेल. आणि अशा वेळी तेच हवे असते.

सन ११९९ मध्ये पोप तिसरे इनोसंट ह्यांनी पवित्र भूमीच्या साह्यार्थ चर्चमध्ये ज्या दानपेट्या ठेवावयास सांगितल्या, त्यांना तीन किल्ल्या असाव्यात अशी आज्ञा होती: एक महागुरूंकडे, एक धर्मगुरूकडे, एक भाविक प्रापंचिकाकडे. कीपासमध्येही ह्या जातीची एक सोय आहे. मुख्य शब्दाच्या जोडीला 'किल्लीची फाईल' ठेवता येते. मग दोन्ही असल्याविना पेटी उघडत नाही. तशी फाईल केल्यास ती क्लाऊडमध्ये पेटीशेजारी कदापि ठेवू नये, प्रत्येक यंत्रावर स्वहस्ते एकदा नेऊन ठेवावी. सामान्य कुटुंबास मी तिचा आग्रह धरणार नाही. सांभाळण्याची आणखी एक वस्तू वाढते, आणि ती हरवली की घरधनीच बाहेर राहतो. पतसंस्था, युवक मंडळ, शाळा अशा ठिकाणी मात्र ती उपयोगी पडेल. तिथे दुसराही एक नियम हवा: कार्यवाह बदलला की मुख्य शब्द बदलावा, व आतील महत्त्वाचे शब्दही बदलावेत. जुन्या कार्यवाहावर अविश्वास म्हणून नव्हे. जुनी प्रत त्याच्या संगणकावर राहिलेली असते, आणि ती जुन्याच शब्दाने उघडते, म्हणून.

अखेरची सूचना. सिंक म्हणजे राखीव प्रत नव्हे. घरच्या संगणकावर कोणी चुकून पेटी पुसली, तर ती क्लाऊडमधून व पुण्याच्या संगणकावरूनही तितक्याच तत्परतेने पुसली जाते. गूगल ड्राइव्ह व फुकटचा ड्रॉपबॉक्स पुसलेली फाईल ३० दिवस परत देतात, पुढे नाही. तेव्हा महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मिस्साहून घरी परतलात की पेटीची एक प्रत पेन ड्राइव्हवर उतरवावी, फाईलीच्या नावात त्या दिवसाची तारीख घालावी, आणि पेन ड्राइव्ह संगणकातून काढून कपाटात ठेवावा. आधीची प्रत लगेच पुसू नये. मागल्या सहा महिन्यांच्या प्रती राहू द्याव्यात. वर्षातून एकदा, नाताळात सारी मुले घरी असतात तेव्हा, त्यांपैकी एक प्रत दुसऱ्याच संगणकावर उघडून पाहावी.